अकरा नावं माझी, कागद भावाचा

माझा भाऊ नवसू म्हणतो, कंप्युटरवर ज्याचं नाव त्याचीच मालमत्ता. मग सात वर्षं डोकं कोणी चालवलं? वकीलबाईही भावाचीच री ओढते, "मावशी, जे तुमच्या नावावर नाही ते तुम्हाला देता येत नाही." येत नाय तर नाय, मी लिहिणार. तिचा टाइप केलेला मसुदा बाजूला ठेवला. हा माझ्या हातचा आहे, चुकाही माझ्याच.

मी सकुबाई वाल्मिक निचिते, वय ५१, शिक्षण चौथी, धंदा शेती व दूध, राहणार शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा. १४ नोव्हेंबरला ठाण्याला पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून आज लिहिते.

१. घर, मागची वीस गुंठे भातजमीन आणि दोन म्हशी माझी मुलगी हर्षाली हिला. सातबारा पत्र्याच्या पेटीत आहे. दिराने बांध सरकवू नये, मी पावलांनी मोजून ठेवलाय.

२. इंटरनेटवरची अकरा नावं, त्यातली दहा हर्षालीला. अकराव्याचं खाली लिहिलंय. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. सन २००० ला मुरबाडला एसटीची वाट बघत मी माझा भाऊ नवसू याच्या सायबर कॅफेत बसले होते. एक गिऱ्हाईक कपाळाला हात लावून बसलेलं. त्याला कंपनीच्या वेबसाइटसाठी हवं ते नाव दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवलेलं. मी विचारलं, "म्हणजे हायवेला प्लॉट घेऊन ठेवतात तसं?"

नवसू म्हणाला, "तसंच गो बाय. पण तुला काय कळतंय त्यातलं?"

मला म्हशीचं नाव कसं असावं ते कळतं. दोन अक्षरी, आणि ओढ्यापलीकडे हाक गेली पाहिजे. मी एका बांधावरून ओरडायचे, हर्षाली चौथ्या बांधावर वहीत इंग्रजीत लिहायची. पहिल्या हाकेला बरोबर लिहिलं तर घ्यायचं. "काय गो आये?" असं विचारलं तर सोडायचं. कोबू, तिरा, लोमा, झुली, सगळी अशीच घेतली. नवसूने स्वतःच्या अकलेने घेतलेलं 'बेस्ट मुरबाड ऑनलाइन शॉपिंग' अजून पडून आहे.

फॉर्मवर मालक कोण विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "तुझंच टाक रे." आमचा लाइटचा मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून काय घर त्यांचं? मला वाटलं हेही तसंच. ही चूक मला कबूल. पण दरसालचा भरणा माझ्या दुधातून झाला, पावत्या त्याच पेटीत. आता कोबू हे नाव पुण्याची कंपनी विकत मागतेय आणि नवसू त्यांना परस्पर सांगतो, मालक मी.

३. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी एका दिवाळीत नवसूसाठी सोडून दिला. सही केली, साडी घेतली, घरी आले. तो हक्क मी परत मागत नाही. नावांचा हक्क मी कोणाला सोडलेला नाही.

४. न घेतलेल्या दोनशे नावांची वही हर्षालीला. पुढे जावई आला तर त्याने नुसती बघावी.

५. झुली हे नाव नवसूला. झुली ही आमच्या माहेरची म्हैस. लहानपणी तिची शेपटी धरून तो ओढा ओलांडायचा. हे एक नाव मी देते, म्हणून त्याचं.

साक्षीदार: साईनाथ भेरे, दूध डेअरी (सही). भिमी वाघ, शेजारीण (अंगठा).

सही: सकुबाई वाल्मिक निचिते
शेणवा, २० ऑक्टोबर २००७

नवसू, याची झेरॉक्स तुला पाठवते. नावं दुसऱ्याच्या मालकीत हलवायचा कोड तुझ्याच ईमेलवर येतो, हे हर्षालीने शोधलंय. भाऊबीज ११ तारखेला, रविवारी आहे. साडी आणू नको. दहा कोड कागदावर लिहून ओवाळणीच्या ताटात टाक. द्यायचे नसतील तर तोंडावर सांग, "बाय, देत नाय." पण त्या दिवशी दिवे लागायच्या आत सांग. बुधवारी मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचंय, तुझं उत्तर ऐकल्याशिवाय मी झोपणार नाय.