बगळ्यानंतर काढलेले फोटो

ति. मामांना नमस्कार,

तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि शेजाऱ्यांचा रेडिओ, तिन्ही आता जरा शांत झाले असतील अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. हल्ली फोटो का पाठवत नाहीस, असं तुम्ही विचारलं होतंत. मामा, माझा कॅमेरा मध्यंतरी कपाटाच्या वरच्या फळीवर, रजयांच्या मागे गेला होता. (ठेवला बायकोनं. मी फक्त खुर्ची धरली.)

झालं असं, की एका सकाळी तळ्याकाठच्या चिखलात पोटावर पडून मी बगळ्याचा फोटो काढला. बगळा इतका स्थिर, की मला त्याच्या एकाग्रतेचं कौतुक वाटलं. फोटो आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर लावला. अध्यक्षांनी (हे निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर, त्यामुळे कुणाला काय दिसतं यावर त्यांचा शब्द शेवटचा) बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की या प्लास्टिकच्या पिशवीतून मला काय सुचवायचंय. मी पर्यावरण म्हणालो. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळालं. त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी कायमचं बसलं. घरच्यांचे फोटो काढावेत, तर मुलगी कॅमेरा दिसला की न्हाणीघरात शिरते, आणि मेहुणा जेवता जेवता फोनवर काढतो ते माझ्यापेक्षा सरस येतात.

मग मी निमूट कामाला लागलो. (तुम्ही सगळ्यांना भाचा दंतवैद्य आहे म्हणून सांगता, पण मी फक्त कवळ्या बनवतो, हे एकदा स्पष्ट करतो.) तिथे एक निवृत्त बसचालक आले. कवळी छान बसली होती, तरी जाईनात. शेवटी म्हणाले, की बायकोला विसरण्याचा आजार आहे. भिंतीवरच्या फोटोतली माणसं ती ओळखते, समोरची नाही, आणि भिंतीवर ह्यांचा एकही फोटो नाही. माझ्या छंदाचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

फोटो काढला, मोठा करून त्यांच्या घरी नेला. बाईंनी तो मांडीवर घेतला, काचेवरून हात फिरवला, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, यांना जरा बोलावून आणता का?"

चालक उठले. चपला घातल्या, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. मी दार उघडलं. ते आत आले.

"किती उशीर केलात," बाई म्हणाल्या, आणि सरकून त्यांना जागा दिली.

तेव्हा मी घाईघाईनं बटण दाबलं. फोटो हललाय, दोघांचीही तोंडं धड दिसत नाहीत. घरी मी तो पाहतच बसलो. बायकोनं जेवायला हाक मारली, मग येऊन तीही बसली. तेव्हापासून कॅमेरा खाली आहे. पुढच्या खेपेला चालकांनी पुन्हा पुन्हा बेल वाजवली, पण बाईंनी ओळखलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. मी जातो, फोटो काढतो, भिंतीवर लावतो. त्याचा उपयोग होतो, असं म्हणायची माझी छाती नाही. पण न जाणं आता जमत नाही.

बाकी क्षेम.

तुमचा,
भाचा

ता. क. हे पत्र मामींसमोर मोठ्यानं वाचू नका.

ता. क. २. मामींचा फोन आला होता. परवा तुम्ही त्यांना ताई म्हणून हाक मारलीत म्हणे, माझ्या आईला मारायचात तशी. त्यात काही नाही. मीसुद्धा घाईत मुलीला बायकोच्या नावानं हाक मारतो. तरी रविवारी मी कॅमेरा घेऊन येतोय. फोटो मामींचे काढायचेत, पुष्कळ काढायचेत. मी हसा म्हटलं की त्या ओठ घट्ट मिटतात. त्यांना तुम्हीच हसवा, ते तुम्हालाच जमतं.