तिसरं उत्तर

सोमवार
नाही गं वही, झाडलोट नाही, कॉम्प्युटरचं काम! सातवी शिकलेल्या विधवेला खुर्ची मिळाली, तीही गोल फिरणारी. दोनदा फिरून घेतलं. नोकरी वन्संनी लावली; ह्यांची बहीण, इथली साहेबीण. काम सोपं. रजेचे अर्ज भरून पाठवायचे. खरा सर्व्हर अजून तयार नाही, म्हणून तालमीपुरता खोटा ठेवलाय. त्यात दोनच उत्तरं भरलीत, मंजूर नि नामंजूर. उत्तर आलं की अर्ज पुढे नीट सरकतो का, ते बघायचं. म्हटलं, वन्सं, तुमच्या भावापेक्षा हा बरा, विचारलं की उत्तर तरी देतो. हसल्या. मग डोळे पुसले.

मंगळवार
चाळीस अर्ज पाठवले. नावं, कारणं मनाचीच. सासू रुसली, बूट हरवला, मेव्हणा पळाला. चावटपणा करून एकावर ह्यांचं नाव टाकलं. लगेच मंजूर! जिवंतपणी कधी मिळाली नाही बिचाऱ्यांना. सगळी उत्तरं आपोआप छापून निघतात, शुक्रवारी वन्सं वाचणार.

बुधवार
पुन्हा ह्यांच्या नावाने अर्ज. कारण, छातीत दुखतंय. बोटं आपसूक तिकडे गेली. उत्तर आलं: 'नाटकं पुरे.'
प्रोग्रॅमवाल्या टकलूला बोलावलं. त्याने सगळं उघडून दाखवलं. दोनच उत्तरं. म्हणाला, काकू, चष्मा बदला. मी म्हटलं, तू आधी केस लाव. तो हसला.
पण 'नाटकं पुरे' हे माझे शब्द. हे गेले त्या सकाळी घरात आम्ही दोघंच होतो.

गुरुवार
दुसऱ्याच नावाने पाठवला. कारण, दाढ दुखते. उत्तर: 'रोजचंच रडगाणं. डबा घ्या नि निघा.'
हेही माझंच. पुसायला गेले, पुसत नाही. तिकडे कागद छापून निघाला—
वन्संना मी सांगितलंय, हे हसत निघाले, दारापुढेच कोसळले, मला पत्ताच लागला नाही.

शुक्रवार
वन्सं कागद घेऊन बसल्यात. काचेतून दिसतात. मी कोरा अर्ज उघडलाय — नाव नाही, कारण नाही — पाठवलासुद्धा नाही—
उत्तर आलं. 'दार उघड.'
परत. 'दार उघड.'
वन्सं उठल्या. कागद हातात. इकडेच—
तोंडाने नाही जमायचं, लिहून ठेवते. मला पत्ता होता, वन्सं. दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. कडी आतून मीच लावली होती, नि मी हसत