एंटेबीच्या रस्त्यावर

प्रिय जाई,

तू शहराच्या दुसऱ्या टोकाला, चांगीला ऑफिसात आहेस आणि मी बुकित पंजांगच्या आपल्या घरात बसून तुला लिहिते आहे. एकाच घरात राहून पत्र कशाला, असं वाटेल. पण तोंडाने सांगायला गेले की आवाजच फुटत नाही.

गेल्या आठवड्यात जेवताना तू म्हणालीस, "आई, कंपालाला पोस्टिंग मिळालं, दोन वर्षं!" आणि मी ताटावरून उठले. मी पुण्यात वाढले, एवढंच तुला सांगत आले. पण माझी पहिली आठ वर्षं कंपालात गेली.

माझे आजोबा इंग्रजांच्या रेल्वेत कारकून म्हणून तिकडे गेले. बाबा नगरपालिकेत नकाशे काढायचे. टेकड्यांचं शहर. माथ्यावर साहेबांचे बंगले, उतारावर आपली घरं-दुकानं, आणि ज्यांची ती भूमी, ते खाली दलदलीच्या कडेला. ही मांडणी इंग्रजांची. पण आम्हालाही त्यात काही खुपत नव्हतं. बासष्टला देश स्वतंत्र झाला, तेव्हा बाबांनी हौसेने नवे नकाशे केले. "आता हे सगळ्यांचं गाव," म्हणायचे.

मग लष्कराचं राज्य आलं. बहात्तर साली हुकूम निघाला: आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत चालतं व्हावं. विमानतळ एंटेबीला. वाटेत सैनिकांनी आमची बस चौथ्यांदा अडवली. बाबांच्या पिशवीत नकाशांची गुंडाळी सापडली. हेर ठरवून त्यांना खाली उतरवलं. "आलोच. आईचा हात सोडू नकोस," एवढंच मला म्हणाले. बस सुटली. मागच्या काचेतून ते लहान लहान होत गेले.

ते परत आले नाहीत. तुझे आजोबा हार्ट अटॅकने गेले, हे मी तुला सांगितलेलं खोटं.

आता तिथे खूप बदललंय, हाकललेल्यांपैकी कितीतरी जण परतलेत, हे मी वाचलंय. डोक्याला पटतंही. पण इथल्या मेट्रोत, एमआरटीत, गणवेशातला माणूस दिसला तरी मी पुढच्याच स्टेशनला उतरते.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तीन दिवस तू पासपोर्ट शोधते आहेस. काल रडलीस. मीही तुझ्यासोबत कपाटं उपसली. तो मीच लपवला होता, तांदळाच्या डब्यात. आज सकाळी तर तो घेऊन पेटत्या गॅसपाशी उभी राहिले. त्या रस्त्यावर लोकांचे कागद फाडणारे सैनिक आठवले आणि माझीच मला भीती वाटली. पासपोर्ट या पाकिटात आहे. जा, बाळा. फक्त रोज फोन कर. मी काही बोलले नाही, तरी ठेवू नकोस.

घाबरलेली, पण तुझीच,
आई