माझ्या जागी ताई

मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी शुक्रवारी सुखरूप पोहोचलो. ‘जिथे इंटरनेट पोहोचत नाही अशी आठ ठिकाणं’ हे तू पेपरातून कापलेलं कात्रण खरं निघालं. आपण निवडलेल्या पाचव्या ठिकाणी काहीच पोहोचत नाही. बससुद्धा मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी येते, तीच टपाल आणते-नेते. मालकीणबाईंनी आल्याआल्या सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. शेजारच्या खोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र दुसरा फोन मोज्यात लपवून आणला आहे. रोज पाण्याच्या टाकीवर चढतात आणि तोंड पाडून उतरतात.

माझे हात अजून थरथरतात. समोर नळ, बादली आणि भिंत एवढंच असतानाही कानात संगणकाचं टिंग वाजतं. तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली आहे म्हणून थांबतो, पण जीव तिकडे टांगलेला आहे. कंपनी तीन दिवसांपेक्षा जास्त रजा देत नाही, जागा दुसऱ्याला देऊन मोकळी होते, म्हणून तू माझ्या नावाने गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देत संगणकापुढे बसली आहेस. हे आठवलं की घास उतरत नाही.

कृपा करून कागदावरच्या सूचना पाळ. पाच मिनिटं काही टाइप केलं नाही तर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि साहेब विचारतात. वॉशिंग मशीनची कसलीही तक्रार असो, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ लिहायचं, ‘आमची चूक’ कधीच नाही. पाठवण्याआधी ऱ्हस्वदीर्घ पाहा. माझी शाळा नववीत सुटली हे साहेबांना माहीत आहे. एक वेलांटी चुकली तरी ते तेच काढतात.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


शुक्रवार, ता. ७ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आजच आलं. सूचनांची चारही पानं शिलाई मशीनच्या वर चिकटवली आहेत. पायाने शिवते, हाताने दिलगीर होते. साहेबांनी अजून ओळखलेलं नाही. उलट परवा लिहिलं की, हल्ली तुझी उत्तरं सुटसुटीत असतात. तेव्हा फार शेफारू नकोस.

एक चूक झाली, ती सांगून टाकते. एका बाईने लिहिलं की मशीनमध्ये चौथ्यांदा पाणी तुंबलं, घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, चादरी रोज हाताने धुवाव्या लागतात. मी लिहिलं की, चूक आमचीच आहे, बाई. साहेबांनी दहा मिनिटं झाडलं, म्हणजे तुलाच झाडलं. लोक दिवसभर काय काय म्हणतात ते लिहीत नाही, तुला पाठ असेल. चार वर्षं तू भिंतीकडे तोंड करून हे वाचायचास आणि मी आतून ओरडायचे की, जेवण निवतंय, एवढं काय चाललंय. मला वाटायचं, नुसतं बसून तर काम आहे.

शाळेच्या गणवेशांची शिवण मागे पडली आहे, बघू. काल भाजी चिरताना टिंग ऐकून धावत गेले, तर संगणक बंदच! तुझा रोग मला लागला की काय?

पोटभर जेव. डॉक्टरांच्या नादाने टाकीवर चढू नकोस.

तुझ्यावर माया असलेली,
ताई


मंगळवार, ता. ११ नोव्हेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बस अर्धा तास थांबते, तेवढ्यात लिहितो आहे. तू थट्टेवारी नेलंस, पण माझंही त्या टिंगपासूनच सुरू झालं होतं. मीही हसलो होतो. मग झोप गेली, मग हात. तुझे हात गेले तर सुईत दोरा कोण ओवणार?

काल दुपारी मला इथे पायरीवर बसल्याबसल्या झोप लागली. किती महिन्यांनी. मालकीणबाईंनी उठवलं नाही. जागा झालो आणि शरम वाटली. मी निवांत पडलो आहे आणि माझ्या शिव्या तू खाते आहेस.

पत्र मिळताच ते बंद कर. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन. जागा जाईल, हे पूर्ण विचार करून लिहीत आहे. पुढचं काही सुचलेलं नाही आणि भीती वाटते, तेही खरं. इथे साधा फोनही नाही, म्हणून पत्रावरच भरवसा. दहा दिवस उरले आहेत, पण मी शुक्रवारच्याच बसने निघतो.

ड्रायव्हरकाका हॉर्न देत आहेत. थोडक्यावर समजून घे.

तुझा,
बारक्या


बुधवार, ता. १२ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आज मी ते बंद केलं. सकाळी एकाने तुझी अक्कल काढली, म्हणजे माझी. वाचता वाचता पॅडलवरचा पाय दाबला गेला आणि सुई बोटातून आरपार गेली. बोटाला चिंधी बांधल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ठिपका पिवळा होईल म्हणून डाव्या हाताने ‘दिलगीर आहोत’ लिहिलं. मग माझीच मला लाज वाटली.

साहेबांना सरळ कळवलं की, मी त्याची मोठी बहीण, बारा दिवस मीच उत्तरं देत होते, या कामाने त्याची तब्येत गेली, आता तो येणार नाही. मग त्यांनी विचारलं की, बाई, त्याच्या जागेवर तुम्ही याल का. मी वायरच काढली.

तुला न विचारता तुझी नोकरी घालवली. आल्यावर हवं तेवढं भांड. बोट बरं झालं की गणवेश पुरे करीन. काजं-बटणं तुला शिकवीन म्हणते, आपलं दोघांचं भागेल.

आता मनावर ओझं ठेवू नकोस. घर फार रिकामं वाटतं, पण तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. एकवीस तारखेच्या आत दारात दिसलास तर आत घेणार नाही. हे पत्र शुक्रवारच्या बसला गाठणार नाही, पुढच्या मंगळवारी मिळेल. तोवर तिथून हलू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
ताई