औषधाच्या झाकणातले खडे

अहो,

संस्कृतीला घेऊन मी केडगावला ताईकडे चालले आहे. सकाळी तिला खोकल्याचं औषध द्यायला झाकण घेतलं, तर त्यात माझ्या पित्ताशयातले खडे पाण्यात पडलेले. ऑपरेशन माझं झालं आणि तुम्ही पोरीच्या औषधाच्या झाकणात त्या खड्यांची घनता काढत बसलात. मला इतकी किळस आली की ओकारी झाली, टाके ओढले गेले.

काल पाव्हण्यांना सांगत होतात, "हिचे खडे पाण्याच्या हजारपट जड हायेत." सगळे हसले. सोनाराकडे वजन भरलं ४२०० मिलिग्राम, झाकणात पाणी चढलं ४ मिलिलिटर, आणि तुम्ही तसाच भागाकार केलात. आधी मिलिग्रामचे ग्रॅम करायचे असतात. ४.२ भागिले ४, म्हणजे मिलिलिटरला १.०५ ग्रॅम. पाण्याहून जेमतेम जड. दोन वर्षं मी कळवळत होते, तेव्हा मात्र "अ‍ॅसिडिटी हाय" म्हणून कूस बदलून झोपायचात.

झाकण मी फेकून दिलंय. खडे ओट्यावर आहेत, ते तुम्हीच उचला आणि ओटा धुवा.

बुधवारी टाके काढायचे आहेत. यायचं असेल तर एकटे या.

पंकजा