दाजींच्या दारात त्यांचीच पिकअप

शनिवार पेठ, कोल्हापूर
भाऊबीज, १९९८, सकाळी नऊ

तीर्थरूप अण्णासो दाजी यांच्या चरणी त्यांचा एकुलता एक मेव्हणा पिराजी याचा दंडवत. (दंडवत कागदावरच मानून घेणे. कालपासून कंबर धरली आहे, खाली वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात.) आपली तब्येत कशी आहे? शुगर? गुडघा? काल संध्याकाळी आपण कमरेवर हात ठेवून दारात उभे होता, त्यावरून गुडघा उत्तम असावा, आणि आवाज तर पार कागलच्या स्टँडपर्यंत जाईल इतका खणखणीत होता. देव आपल्याला असंच ठेवो. इकडे मी आणि शालू, दोघं नवराबायको, मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की आपण ‘राँग नंबर’ म्हणून ठेवता. पत्राचं तसं नाही. शिव्या असतील या आशेनं का होईना, माणूस शेवटपर्यंत वाचतो.

मुद्द्याचं बोलायचं तर मुद्दा आपल्या दारात आडवा उभा आहे. ती पिकअप कुणाची, असं काल आपण चारचौघांत विचारलंत, म्हणून आठवण देतो. आपलीच. सहा वर्षांपूर्वी दुधाचे कॅन घेऊन आपण कोल्हापुरात आला होता, गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाला बंद पडली, आणि आठ माणसांनी ढकलून ती माझ्या अंगणात आणून लावली. “दोन दिवस ऱ्हाऊ दे पिराजी, मिस्त्री लावून देतो,” असं म्हणून आपण कॅन रिक्षात घातले आणि गेलात. त्या दोन दिवसांत तिच्या हौद्यात दोडक्याचा वेल चढला, केबिनमध्ये कोंबडीनं तीन वेळा पिल्लं काढली आणि शालूनं बॉनेटवर उन्हाळ्यात सांडगे घालायला सुरुवात केली. (सांडगे चांगले वाळत. पत्रा तापायचा. त्या गाडीनं सहा वर्षांत कुणाचं भलं केलं असेल तर ते एवढंच.) मी एका शब्दानं बोललो नाही, कारण मुलीकडच्या माणसानं बोलायचं नसतं, हे आमच्या वडलांनी मला शिकवलं आणि आपल्याला ते ठाऊक होतं.

मग चौऱ्याण्णव सालची दिवाळी. आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. माहेर म्हणून आक्काताईला आता मी एकटाच उरलो होतो, म्हणून तिला माहेरी न्यायला मुराळी होऊन मी स्वतः आलो. एसटीनं आलो. साडेतीन इयत्ता शिकवणारा मास्तर (चौथीचा अर्धा वर्ग दुसऱ्याकडे आहे) आणखी कशानं येणार? आपल्या सोप्यावर डेअरीची दहा माणसं बसली होती. त्यांच्यासमोर आपण म्हणालात, “आमच्यातल्या बायका एस्टीत हुभ्या ऱ्हाऊन म्हायेरला जात न्हाईत. माजी गाडी तुज्या दारात पडल्या न्हवं? ती चालू करून आण. ज्या दिवशी आणशील त्या दिवशी धाडतो.” आणि दहाच्या दहा माणसं हसली. मी म्हणालो, “आणतो.” झालं. आक्काताई आतल्या दारात भरलेली पिशवी घेऊन उभी होती, ती पिशवी घेऊन आत गेली. त्यानंतर चार दिवाळ्या ती आली नाही. मला लहानपणी काखेत मारून नदीवर धुणं न्यायची ती बहीण, दाजी. चार वर्षं तिला मी आपल्या सोप्यावर परक्यासारखा तासभर भेटून आलो, आणि दर वेळी आपण विचारलंत, “काय, गाडीचं कुठवर आलं?”

गाडीचं कुठवर आलं ते आता सविस्तर सांगतो. पहिली दोन वर्षं मी स्वतःच हात घातला. गणित येणाऱ्या माणसाला इंजिन येईल असा माझा समज होता. मी ते उघडलं, भाग ओळीनं वर्तमानपत्रावर मांडले, प्रत्येकाला खडूनं आकडा घातला, आणि वळवाचा पाऊस आला. तिसऱ्या वर्षी केरबा मिस्त्रीला गाठलं. माणूस उद्यमनगरात पंचवीस वर्षं काढलेला, हाताला गुण आहे, पण त्याची एक रीत आहे: गाडी उघडायला तो एका हाकेला येतो आणि जुळवायला म्हटलं की कुठंतरी कुस्त्यांचं मैदान असतं. त्यानं इंजिन साखळीनं आमच्या जांभळीला टांगलं आणि वारणेकडं मैदान बघायला गेला. आठ महिने इंजिन जांभळीला होतं. पोस्टमनसुद्धा ‘इंजिनवाले गुरुजी’ म्हणून पत्रं टाकू लागला. पिस्टन शालूच्या परातीत रॉकेल घालून धुतले, त्या दिवसापासून आमच्या घरच्या भाकरीला उद्यमनगरचा वास आहे. एक दिवा जीपचा आहे, एक ट्रॅक्टरचा, त्यामुळं गाडी समोरून बघणाऱ्याला डोळा मारते. सगळं जुळवल्यावर मूठभर नट उरले. केरबा म्हणाला, “कंपनी जादाच घालती, गुर्जी.” (ते नट मी जपून ठेवले आहेत. आपण म्हणाल तेव्हा पाठवतो.) रंगाच्या बाबतीत चूक माझी. शाळेत फळ्याचा काळा रंग उरला होता, तो मी दिला. रंग सुरेख बसला, पण फळ्याच्या रंगावर खडू उठतो हे मास्तर असून माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीनं दोन्ही दारांवर पाढे आणि माझ्याबद्दलची मतं लिहून ठेवली होती.

यंदा गणपतीत इंजिन पहिल्यांदा बोललं. मी त्या दिवशी शालूसमोर रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. सायलेन्सरची पुंगळी मात्र पार कुजली होती. ती केरबा जोडायला घेऊन गेला आणि त्याच्या दुकानाला दिवाळीचं कुलूप लागलं ते लागलंच. बिनपुंगळीची गाडी म्हणजे आवाज काय असतो ते काल आपण ऐकलंत. तरी मी रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटं ती चालू ठेवायचो, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. सगळी गल्ली शिव्या द्यायची, एक बाळासो गवळी सोडून. बाळासोचा गोठा आमच्या भिंतीला लागून. तो उलट भिंतीवरून मान काढून विचारायचा, “गुर्जी, आज चालू करणार न्हवं?” एकदा तर खरवस आणून दिला. मला वाटलं, चला, गल्लीत एक तरी माणूस माझ्या कष्टांची कदर करतो आहे.

दाजी, आपण कागलचे, तरी आपल्याला पाडव्याच्या म्हशींच्या शर्यती सांगायला नकोत. गवळी लोक महिनाभर आधीपासून पुंगळी काढलेल्या मोटारसायकलच्या आवाजावर म्हशी पळायला शिकवतात. बाळासोनं पेट्रोल वाचवलं. माझं इंजिन सुरू झालं की तो पाच म्हशींसमोर पेंडीची पाटी ठेवायचा, आणि पाटी रोज थोडी थोडी पुढं सरकवायचा. हे मला काल पाडव्याच्या सकाळी नऊ वाजता कळलं. मी नवा सदरा घातला होता, आक्काताईला बसायला सीटवर शालूनं स्वतःच्या हातानं शिवलेली वाकळ घातली होती. गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि आरशात बघितलं, तर शिंगं रंगवलेल्या, कपाळावर मोरपिसं आणि पायांत हुपरीचे चांदीचे तोडे अशा पाचही म्हशी माझ्या मागं. मी वेग वाढवला, तर आवाज वाढला आणि त्याही वाढल्या. दसरा चौकात लोक टाळ्या वाजवत होते. परीख पुलाखाली आवाज घुमला तेव्हा तर त्यांनी मला जवळजवळ गाठलंच. पोलिसानं शिट्टी वाजवून समोरच्या गाड्या बाजूला केल्या, मला वाटलं मला अडवेल, पण त्यानं मला सलाम केला.

शाहू नाक्यावर बाळासो स्कूटर घेऊन आडवा आला. मी किल्लीला हात घातला तसा तो ओरडला, “बंद करू नगासा गुर्जी! आवाज थांबला की बसत्यात त्या, हायवेवरच बसत्याल! तशीच वळवा मागारी!” पाच म्हशी महामार्गावर बसवून मी आपल्याकडं कसा येणार होतो ते आपणच सांगावं. वळवली. पुन्हा पूल, पुन्हा चौक, शेवटी शर्यतीचं मैदान. तिथं म्हशी सोडून पळेन म्हटलं, तर मंडळाच्या लोकांनी एक शेवटची फेरी मारायला लावली, पहिला नंबर दिला, मला फेटा बांधला आणि नारळ हातात दिला. साडेतीन तिथंच वाजले. पुढं गोकुळ शिरगावला रेडिएटर उकळला. पाणी आणायला घागर मागितली, तर घरमालकीण माझा फेटा बघून म्हणाली, “पावणं, नवरी कुठाय?”

आपल्या दारात पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. चार वर्षं मी एक वाक्य मनात घोळवलं होतं: ‘दाजी, गाडी आणली.’ तीनदा म्हणालो, तिन्ही वेळा इंजिनापुढं माझं मलाच ऐकू आलं नाही, म्हणून ऐकू जावं यासाठी इंजिन बंद केलं. मग म्हणालो. आपण ऐकलंत, उंबऱ्यावर लावलेल्या पणतीकडं बोट केलंत आणि म्हणालात, “दिवं लागलं. दिवं लागल्यावर घरची लक्ष्मी उंबऱ्याभाईर जात न्हाई आमच्यात.” एवढंच. आक्काताई जोत्यावर बसली होती. जांभळं इरकल नेसली होती, आणि शेजारणीनं मला हळूच सांगितलं की सकाळी आठपासून ती तिथंच बसून होती, दुपारी जेवायलाही आत गेली नाही. ती उठली, माझ्यासाठी चहा आणला, कप देताना बशीत अर्धा सांडला. दाजी, मी आपला मान ठेवतो, पण त्या क्षणी आपण मला माणूस म्हणून आवडला नाहीत. पणती काय, विझवून पुन्हा लावता आली असती. गाडी मग काही केल्या सुरू झाली नाही, ते आपण बघितलंच, हसलात, वर ‘ही कुणाची?’ म्हणून चारचौघांत विचारलंतही. मी सातच्या एसटीनं परत आलो, फेट्यासकट. (आक्काताई म्हणाली होती, राहा, उद्या इथंच ओवाळते. मी राहिलो नाही. ते माझं मी बघेन.)

आज भाऊबीज. शालूनं पाट मांडला होता, तो मी भिंतीला लावून ठेवला आहे. आपल्याकडून मला आता काही नको. गाडी आपल्या दारात आहे, तिथंच सुखानं राहो, तिच्यावरही दोडका चांगला येतो. आपल्या घरच्या लहानथोरांस यथायोग्य नमस्कार, आपल्याला सोडून.

आपला,
पिराजी

ता. क. — वरचं पत्र पाकिटात घालून डिंक लावत होतो, तेवढ्यात दारात आक्काताई. साडेअकराच्या एसटीनं आली, पिशवी घेऊन, एकटी. आपण तेव्हा गाडीखाली झोपून काहीतरी ठोकत होता म्हणे. गाडी दारात आडवी असल्यामुळं तिला आपले पाय ओलांडूनच बाहेर पडावं लागलं, त्याबद्दल तिनं माफी मागितली आहे. आपण खालून विचारलंत, “कोण?” ती म्हणाली, “मी.” आपण म्हणालात, “बरं, तो दहा नंबरचा पाना दे.” तिनं पाना दिला आणि स्टँडवर गेली.

ता. क. दुसरा — आता ऐका. ओवाळून झालं, जेवणं झाली. पत्र पाठवण्याचं खरं कारण आता असं, की तिला न्यायला आपण यायचं, पण त्या पिकअपमधूनच. एसटीनं आलात तर मी धाडणार नाही. मूठभर नट सोबत पाठवतो आहे. आमच्यातल्या बायका

ता. क. तिसरा — वरचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण पत्र आक्काताईला वाचून दाखवत होतो. म्हशींपाशी ती हसली, आणि इथं आल्यावर म्हणाली, “खोड ते. कागलची एस्टी दर अर्ध्या तासाला हाय, पिराजी. चार वर्सं हाय. तुमी दोघं गाडीवरनं एकमेकाचं नाक कापत बसला, आन् मी बी खुळी, पिशवी भरून बसत हुते. तू बी मला ‘चल’ म्हणाला न्हाईस, तू त्यास्नी म्हणालास, ‘आणतो.’” मी म्हणालो, बरं, मग दाजींना काय लिहू, कधी येतेस? ती म्हणाली, लिही की, येईल तेव्हा येईल, आपली आपण. नक्की कधी ते मी दोनदा विचारलं, दाजी. मलाही सांगितलेलं नाही.