मृणालची नागपूरला पाठवणी

बरखेडा, भोपाळ
१० जुलै २०२४

ती. ताईस,
यशवंतचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या भाचीच्याच हाती देतोय. तुझे कान फोनवर साथ देत नाहीत म्हणून आपण अजून पत्रं लिहितो, आणि या वेळी मला ते बरंच वाटतंय. हे मला बोलून सांगता आलं नसतं.

मृणालला नागपुरात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला नाही. घरात मराठी, आजोबा नागपूरचे, म्हणजे ती महाराष्ट्रातलीच धरली जाणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. कॉलेजने एवढंच पाहिलं की बी.एस्सी. कुठून केलं. भोपाळ म्हटल्यावर ती परराज्यातली झाली, आणि तशा जागा मोजक्याच. पोरगी पहिल्यापासून म्हणत होती, बाबा, एकदा विचारून घ्या. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण यादी लागायच्या आधीच मी क्वार्टरच्या अख्ख्या ओळीत पेढे वाटले. शेजारच्या शशिकला वहिनींचा आशिष इथेच, बिट्टन मार्केटकडच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतोय. वहिनी आपुलकीने म्हणाल्या, मृणालनेही तिथेच घ्यावं, प्रयोगशाळा चांगली आहे. मृणालच्याही मनात तेच होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो की ज्यांना कुठेच मिळत नाही ते तिथे जातात. तरी आज सकाळी पाठवणीला त्यांनीच मृणालच्या हातावर दही घातलं, नारळ दिला, चिवड्याचा डबा दिला. यादी तेव्हा लागून गेली होती, मला कळलेलं होतं. मी बाजूला उभा राहून हसत होतो.

आता ती घरात दिसली तर लोकांना काय सांगू? वर्षभर तुझ्याकडे राहू दे, पुढल्या वर्षी पुन्हा बघू. भोपाळच्या प्रवेशाची शेवटची फेरी अजून व्हायची आहे, पण त्यासाठी तिला इथे यावं लागेल, आणि मग सगळं उघडं पडेल. शारदा आईच ना मुलीची, दोन शब्दांपलीकडे माझ्याशी बोलत नाही. तू तरी रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढीच विनंती.
तुझा
यशवंत

◆

नागपूर
१९ जुलै २०२४

चि. यशवंतास,
अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस म्हणालास. रागावले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आई तुझ्यासाठीच वापरायची, तू सात वर्षांचा असल्यापासून. पन्नाशी उलटली तरी तुझ्यात फरक नाही.

थोडं खापर माझ्याही डोक्यावर फोड. आपल्या मुलीला नागपुरात कोण नाही म्हणणार, असं मीच तुला लिहिलं होतं. इथे बसून एक चौकशी करायची मला सुचली नाही. मराठी म्हणून सगळं आपलंच, हा आपल्या घराचा जुना रोग आहे.

मृणाल गुणाची. भांडी घासते, माझ्या औषधांच्या वेळा सांभाळते, दुपारभर पुस्तक घेऊन बसते. पण शेजारणीच्या चिवड्याला तिने हात लावलेला नाही. म्हणते, खोटं सांगून मिळालेलं घशाखाली उतरत नाही. परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की कोणत्या कॉलेजात घेतलंस, तर ती जमिनीकडे बघत राहिली. मीच घाईने काहीबाही सांगून वेळ मारून नेली आणि मग दिवसभर मला माझीच शरम वाटली. या वयात तू मला थापा मारायला लावतोस!

तेव्हा मी तिला परत पाठवतेय. हे पत्र तिच्याच हाती देऊन सकाळच्या गाडीत बसवतेय, म्हणजे दिवसाउजेडी पोचेल. शेवटची फेरी हुकवलीस तर गाठ माझ्याशी आहे. लोक चार दिवस हसतील. तिचं वर्ष गेलं तर ते कुणी परत आणून देणार नाही.

शारदेला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहेच, पण सध्या ती दाखवणार नाही.
तुझी
ताई

◆

भोपाळ
२७ जुलै २०२४

ती. आत्यास,
मृणालचा सा. न.

आत्या, ॲडमिशन झालं! बिट्टन मार्केटकडच्या कॉलेजातल्या जागा मात्र भरल्या. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की मागच्या आठवड्यात आले असते तर मिळाली असती. बाबा तेव्हा शेजारीच उभे होते.

मला मिळालंय ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं, करोंदच्या पुढचं कॉलेज. धान्यमंडीच्या ट्रकांमधून वाट काढत जावं लागतं, कॉलेजला पोचेपर्यंत केसांत गव्हाचा भुसा. ऑर्गॅनिकच्या मॅडम मस्त शिकवतात, पण लॅबमधलं मोठं मशीन बंद पडून आहे, वर कापड झाकलंय. बाबांना मात्र मी सांगितलंय की लॅब एकदम बढिया आहे. तूही पत्रात तेच लिही, प्लीज.

तब्येत जप. लाड चालू ठेव.
तुझी
मृणाल

◆

बरखेडा, भोपाळ
१३ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मृणालला सकाळी स्कूटरवर बसस्टॉपपर्यंत सोडतो. इकडच्या मुली दुचाकीवर बसताना धुळीसाठी तोंडाला ओढणी बांधतात, फक्त डोळे दिसतात. मृणालला ते कधी आवडलं नाही, जीव गुदमरतो म्हणायची. पण परत आल्यापासून ती घराच्या दारातच ओढणी बांधायची आणि कॉलनीचं फाटक ओलांडलं की सोडायची. खरी धूळ तर फाटकाबाहेर. मी तिला बांध म्हटलं नव्हतं, पण बांधू नकोस असंही म्हटलं नाही. मला ते सोयीचं होतं.

काल न राहवून विचारलं, की कुणी ओळखेल याची तुला भीती वाटते का. ती म्हणाली, मला कसली भीती? मी दिसले तर लोक तुम्हाला विचारतील ना, बाबा.

ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी शशिकला वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. ज्या कॉलेजला मी नावं ठेवली तिथे माझ्या मुलीला जागा उरली नाही, आणि तीही माझ्यामुळे, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की माहीत होतं तर माझ्या हातचं दही तिला का घेऊ दिलंत? त्यांनी चहा दिला, तो कसाबसा प्यायलो.

आज सकाळी मृणाल उघड्या तोंडाने मागे बसली. फाटकापाशी वहिनी आणि ओळीतल्या आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांनी थांबवून कॉलेजचं विचारलं. मृणालने स्वच्छ आवाजात सांगितलं, करोंदच्या पुढे आहे, आणि मजेत हसलीही. मी हेल्मेटची काच खाली ओढून समोर बघत राहिलो.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तरी ठेव.
तुझा
यशवंत